ग्रिलमधल्या आयव्हीसाठी कानमंत्र

पोरी, पांढऱ्या कडांच्या आयव्हीवर तुझा जीव जडलाय ना, मग आण. फक्त मे महिन्यात आणू नकोस. ती मूळची युरोपातली, गारव्याला सरावलेली. आपलं नाहूर पडलं खाडीकाठचं. इथे उन्हाळ्यात रात्रीसुद्धा घाम सुटतो. दिवाळीनंतर आणलीस तर रुजायला दोन-तीन महिने बरी हवा मिळेल.

कुंडीत नुसती लाल माती भरू नकोस. पावसाळ्यात तिचा गोळा होतो आणि मुळं कुजतात. निम्मी माती, बाकी कोकोपीट, जुनं शेणखत आणि विटांचा चुरा. पाणी रोजच्या रोज ओतायचं नाही; बोट खुपसून बघ, वरची माती सुकली असेल तरच घाल. आपल्याकडे ही वेल तहानेपेक्षा लाडानं जास्त मरते.

उजेडाचं मात्र नीट ऐक. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून ही वेल साध्या हिरव्या आयव्हीपेक्षा हळू वाढते. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलीस तर नवी पानं हिरवीच येऊ लागतील. पश्चिमेच्या खिडकीत दुपारच्या उन्हानं पांढऱ्या कडा करपतील. पूर्वेच्या गॅलरीतलं सकाळचं कोवळं ऊन तिला मानवतं. एखादी फांदी निव्वळ हिरवी फुटली की थेट बुडापासून काप. तिच्या अंगात जोर जास्त असतो, बघता बघता नक्षीदार फांद्यांना ती झाकून टाकते. इथे हात आखडायचा नाही.

मार्चपासून पानं उलटून बघत जा. फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसली की लाल कोळी आलाच समज. कुंडी मोरीत ने, पानांची खालची बाजू नळाखाली धू. तरी हटला नाही तर संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाचं पाणी फवार. आणि त्याआधीच दोन-तीन पेरांच्या काड्या कापून घरात गार जागी पाण्यात ठेव. मूळ वेल गेलीच तर वाण तरी हाताशी राहील.

भिंतीवर मात्र चढवू नकोस. तिची मुळं भिंतीला चिकटतात, ओढून काढलीस की रंग निघतो, मग सोसायटीची बोलणी कोण खाणार? ग्रिललाच गुंडाळ.

आणि खरं सांगू? बारा महिने हिरवं-पांढरं हवं असेल तर चट्ट्यापट्ट्याचा मनी प्लांट लाव. तो पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचा, आपला दमटपणा त्याला घरचाच. लोंबता सोडलास तर पान लहान राहतं, काठीवर चढवलास तर मोठं होतं. बाटलीत ठेवलास तर पाणी दर आठवड्याला बदल. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

दोन्ही वेली रांगत्या पोराच्या आणि मांजराच्या तोंडापासून लांब ठेव. मनी प्लांटचं पान चावलं तर तोंडाची आग होते, आणि आयव्हीच्या चिकानं काहींच्या हाताला खाज सुटते. छाटणी करताना हातमोजे घाल.