क्लब बॅक रोड : भायखळ्याच्या हरवलेल्या रेसकोर्सची गोष्ट

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. संपादकांनी "काहीही लिही, पण मराठीत लिही" असं दटावलं म्हणून हा प्रपंच!

माझी आजी आग्रीपाड्याला राहते. तिच्याकडे जाताना क्लब बॅक रोड लागतो. म्हणजे क्लबच्या पाठीमागचा रस्ता. पण क्लब कुठाय? टॅक्सीवाल्याला विचारलं, पानवाल्याला विचारलं, कोणालाच माहीत नाही. मग लायब्ररीत बसून जे सापडलं ते इथे देत आहे.

तो क्लब म्हणजे १८३३ चा बायकला क्लब, इंग्रज साहेबांचा. (जुन्या इंग्रजी पाककृतींत 'बायकला सूफ्ले' नावाचं एक पुडिंग असतं, ते यांचंच.) आणि साहेबांनी क्लबसाठी ही जागा निवडली, कारण तिथे आधीपासून घोड्यांच्या शर्यती होत होत्या. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ सालचा. म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वेच्या एक्कावन्न वर्षं आधी भायखळ्यात रेस!

आता आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून पहिला प्रश्न जमिनीचा. मुंबई म्हणजे सात बेटं, आणि महालक्ष्मी-वरळीच्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट आत यायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास तिथे बांध घातला गेला. त्यालाच हॉर्नबी वेलार्ड म्हणतात. पाणी अडलं आणि मागे उरली सपाट, खारट, ओलसर जमीन. इंग्रज तिला 'फ्लॅट्स' म्हणत. तिच्यावर घर बांधायचं तर पाया खचणार, शेती करायची तर मीठ. पण सपाट मैदान आयतं मिळालं. घोडे पळवायला अजून काय पाहिजे? १७९३ मध्ये बेलासिस रोड झाला आणि कोटातून बग्गीने येणंही सोपं झालं.

घोडे बहुतेक अरबी, आखातातून जहाजाने यायचे. पहिले आगाखान इराणमधून मुंबईत आले, त्यांनाही घोड्यांचा भारी शौक. त्यांची कबर आजही जवळच माझगावला, हसनाबादमध्ये आहे.

मग रेसकोर्स गेलं का? मला आधी वाटलं, एखादी आग, एखादा घोटाळा असेल. तसं काही नाही! शहर आलं, एवढंच. १८५३ ला पूर्वेकडून एक रेल्वे, १८६० च्या दशकात पश्चिमेकडून दुसरी. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला कापडगिरणी काढली, मग गिरण्याच गिरण्या. गिरण्या आल्या म्हणजे कामगार आले, चाळी आल्या. सखल जागा शहराच्या केरकचऱ्यानेसुद्धा भरल्या गेल्या. बांधामुळे जमीन मिळाली म्हणून घोडे आले, आणि तीच जमीन हळूहळू बांधकामालायक झाली म्हणून घोड्यांना जावं लागलं. १८८३ मध्ये रेस महालक्ष्मीला गेली, म्हणजे त्याच बांधामागच्या दुसऱ्या सपाट जमिनीवर. आपल्या क्षेत्रातली गंमत बघा, व्हीजेटीआयसुद्धा सुरुवातीला भायखळ्यालाच होतं, १९२३ मध्ये माटुंग्याला गेलं. भायखळ्याला जागा कमी पडणं जुनंच आहे म्हणायचं.

एवढं वाचल्यावर राहवेना. सर्व्हेचा तीस मीटरचा टेप घेऊन मी आणि माझी मैत्रीण रविवारी सकाळी क्लब बॅक रोडवर गेलो. रेसचं अंतर फर्लांगात मोजतात. एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड, म्हणजेच आपण सर्व्हेइंगमध्ये शिकलो त्या गुंटरच्या दहा साखळ्या, सुमारे २०१ मीटर. सहा टेप आणि वर एकवीस मीटर. मध्ये दोन हातगाड्या, एक लग्नाचा मांडव आणि "ताई, गटार खोदणार का?" असं विचारणारे एक काका. हा एक फर्लांग. असे आठ केले की एक मैल. तेवढी मोकळी जागा आज इथे डोळ्यांसमोर आणायची म्हटलं तरी जमत नाही.

मला हे सगळं लिहावंसं वाटलं त्याला अजून एक कारण आहे. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी सुमारे १२० एकर २०२४ मध्ये पार्कसाठी महापालिकेकडे देण्याचं ठरलं, ९१ एकर रेसकोर्सकडे राहिले. पार्क व्हावा, मला स्वतःला तो हवाच आहे. रेसवर आमच्या आजोबांचा एक अख्खा दिवाळी बोनस गेला होता, त्यामुळे आमच्या घरी घोड्यांसाठी कोणी रडणार नाही! पण भायखळ्याचं मैदान भरलं तेव्हा मोकळी जागा म्हणून त्यातलं किती ठेवायचं, हे तिथल्या चाळीतल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. यावेळी नकाशा सगळ्यांनी आधी बघावा, निदान आपण सिव्हिलवाल्यांनी तरी.

घरी जाऊन आजीला सांगितलं, "आजी, तुझ्या घराजवळ रेसकोर्स होतं!" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अगं, बरं झालं गेलं ते. तुझे आजोबा तिकडे चालत गेले असते. महालक्ष्मीला जायला निदान बसचे पैसे तरी लागायचे."