फिरायला जाण्याची मराठी : दांडिया बाजार ते कमाटी बाग

तिसऱ्या वर्षाला भाषाविज्ञानाच्या पेपरसाठी एक छोटा अभ्यास करायचा होता. रोजच्या जगण्यातला एखादा विषय घ्यायचा आणि त्याभोवतीचे मराठी शब्द गोळा करायचे. वर्गात कुणी स्वयंपाक घेतला, कुणी लोकलचा प्रवास. मी ‘फिरायला जाणे’ घेतलं. सुट्टीत मावशीकडे बडोद्याला जाणारच होते. ती दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात भाड्याने राहते, आणि तिथून कोठीवरून, काळ्या घोड्यापाशी निघालं की कमाटी बाग चालत अर्ध्या तासावर आहे. म्हटलं, अभ्यासही होईल आणि फिरणंही.

ज्यांनी बडोदं पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी बागेबद्दल थोडं. पाटीवर नाव ‘सयाजी बाग’, तोंडात नाव ‘कमाटी बाग’. कमाटी म्हणजे बांधकामावरचे, मातीकाम करणारे मजूर. आपल्या मुंबईतल्या कामाठीपुऱ्यात हाच शब्द बसलाय. ते राबले म्हणून कमाटी बाग, असं सांगतात. बाग १८७९ सालची, विश्वामित्री नदीच्या काठावर, शंभर एकरांहून मोठी. सयाजीराव महाराजांनी बांधली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तारखा लावून पाहिल्या तर १८७९ मध्ये महाराज सोळा वर्षांचे होते आणि राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना मिळाले १८८१ च्या डिसेंबरात. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. म्हणजे कुंभकोणमला जन्मलेला तंजावरी मराठी माणूस, जो आधी त्रावणकोर आणि इंदूरला दिवाण होऊन आला होता. पाटीवर राजा राहिला, लोकांच्या तोंडी मजूर राहिले, दिवाण दोन्ही नावांतून सुटला. मला हा हिशोब आवडतो, कारण मजूर टिकले असं सहसा होत नाही.

पण बागेचं खरं वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. युरोपातल्या नामवंत बागा बऱ्याचदा आधी राजघराण्याच्या खासगी होत्या आणि मग केव्हातरी लोकांसाठी उघडल्या. स्पेनमधलं उदाहरण घ्या. माद्रिदची रेतिरो बाग राजवाड्याची होती, ती १८६८ च्या क्रांतीनंतर शहराकडे आली. सेव्हिलमधली मारिया लुईसा बाग १८९३ मध्ये राजकन्येने आपल्या राजवाड्याच्या आवारातून शहराला देऊन टाकली. बडोद्याची बाग मात्र पहिल्यापासूनच लोकांसाठी. पुढे १८९४ मध्ये तिच्यात संग्रहालयाची इमारत उभी राहिली. आज तिथे इजिप्तची ममी आहे आणि निळ्या देवमाशाचा भलामोठा सांगाडा. मावशीच्या शेजारची मुलं बागेत जायचं म्हणजे ‘मासा बघायला’ जायचं असंच म्हणतात.

आता शब्द. माझ्या वहीत पहिल्याच दिवशी भरपूर जमले: फेरफटका, रपेट, शतपावली, सहल, भटकंती, हवापालट, हवा खाणे. (हवा खाण्यात एक गंमत आहे. बागेची हवा खाल्ली तर तब्येत सुधारते, तुरुंगाची खाल्ली तर अब्रू जाते.) मग ‘करमणूक’. हा शब्द ‘करमणे’वरून आला, आणि करमणे हे क्रियापद विचित्र आहे. ‘मी करमते’ असं म्हणता येत नाही, ‘मला करमतं’ म्हणावं लागतं. करमणं आपण करत नाही, ते आपल्याला होतं किंवा होत नाही. आणि हे क्रियापद मी सर्वांत जास्त कुणाबद्दल ऐकलंय? नव्या सुनेबद्दल. ‘सासरी करमतं का गं?’ जावयाला हा प्रश्न विचारलेला मी तरी ऐकलेला नाही.

इथून माझ्या यादीला वेगळं वळण लागलं. मी शब्दांपुढे ‘तो’ आणि ‘ती’ असे रकाने केले. ‘तो जरा पाय मोकळे करून आला.’ ठीक. ‘तो उनाड आहे.’ हेही तसं लाडाचंच. आता ‘ती’ घ्या. उंडारते, हुंदडते, गावभर हिंडते. उंडगी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘भटकभवानी’, ज्याला पुल्लिंगी जोडच नाही. ‘भटकंती’ हा शब्द हल्ली ट्रेकवाल्यांमुळे प्रतिष्ठित झालाय, गडकिल्ल्यांच्या पुस्तकांवर झळकतो. पण त्याच धातूवरून बाईसाठी शिवी आणि कुत्र्यांसाठी विशेषण तयार झालंय, हे शब्दकोशात शेजारी शेजारी पाहिलं की बरं वाटत नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे २०११ चं पुस्तक मुंबईबद्दल हेच सांगतं. बाईला रस्त्यावर असायला काहीतरी काम दाखवावं लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात घाई. मला त्यात भाषेची एक भर घालावीशी वाटते. काम फक्त दाखवावं लागत नाही, ते बोलावंही लागतं. वाड्यात आठ दिवस मी कान उघडे ठेवले. पुरुष बाहेर पडताना म्हणत, ‘येतो जरा.’ क्रियापद संपलं, वाक्य संपलं. बायकांचं वाक्य ‘-ला’ शिवाय पूर्ण होत नव्हतं: भाजी आणायला, औषध घ्यायला, मंदिरात जायला, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. आमची मावशी तरी काय वेगळी! रविवारी फतेगंजच्या बाजूला मिस्सा झाला की ती हमखास बागेतून येते आणि घरी सांगते, ‘मिस्सा लांबला.’

दांडिया बाजारात व्यायामाची परंपरा मोठी आहे. प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर, इथेच आहे. मल्लखांब, लाठी, कसरत. पण त्यालाही हेतू असतो: शरीर कमवायचं. बागेतलं बसणं काहीच कमवत नाही, म्हणूनच ते मागायला अवघड.

वाड्यात तळमजल्यावर एक काकू राहतात. सत्तरी उलटलेली, माहेर आणि सासर दोन्ही बडोदंच. संध्याकाळी पाचला त्या पदर खोचून निघायच्या आणि दारातूनच आवाज द्यायच्या, ‘मी आंटा मारून येते गं!’ पहिल्यांदा मला वाटलं, अट्टल काहीतरी म्हणाल्या. मग कळलं, गुजरातीतला ‘आंटो’. फेरी, चक्कर. ‘आंटो मारवो’ म्हणजे उगाच एक फेरी मारून येणं. बडोद्याच्या मराठीने तो ओकारान्त काढून ‘आंटा’ करून घरात घेतलाय.

मी त्यांना विचारलं, ‘काकू, फिरायला जाते असं का नाही म्हणत?’

‘फिरायला म्हटलं की आमच्या सासूबाई विचारायच्या, कुठे? कुणाबरोबर? आंटा म्हटलं की कुणी विचारत नसे. आंट्याला कुठे पत्ता असतो?’

माझ्या सगळ्या अभ्यासात याहून नेमकं वाक्य मला सापडलं नाही. आपल्या मराठीत बाईच्या निरुद्देश चालण्याला धड शब्द नव्हता, तेव्हा शेजारच्या भाषेतून एक उचलला, आणि त्याच्यासोबत त्या शिव्या आल्या नाहीत. स्पॅनिशमध्ये ‘पासेओ’ म्हणजे संध्याकाळचा फेरफटका, आणि जिथे तो मारायचा त्या रुंद रस्त्यालाही पासेओच म्हणतात. कृती आणि जागा, एकच नाम. आंट्याला काकूंनी जागा जोडली ती कमाटी बागेची, बँडस्टँडजवळच्या एका बाकाची. त्या वयाच्या पाचसहा जणी तिथे जमतात. अर्धं मराठी, अर्धं गुजराती.

म्हणून पुराची गोष्ट इथे सांगायला हवी. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि बाग, प्राणिसंग्रहालयासकट, पाण्यात गेली. मगरी वस्तीत आल्या, त्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या. काकू सांगतात ती बातमी कुठे आली नाही. गाळ उपसून होईपर्यंत बागेत जाता येईना. वाड्यातले पुरुष सूरसागरच्या पाळीवर जाऊन बसू लागले, पानाच्या टपरीवर उभे राहू लागले. बाकावरच्या बायका घरीच थांबल्या. ‘पाळीवर आम्ही बसून काय सांगणार होतो?’ काकू म्हणाल्या. ‘तिथे बसायचं तर काम लागतं.’ बाग परत उघडली तेव्हा त्यांच्यातली एक जण मुलाकडे पुण्याला कायमची गेली होती. निरोप असा झालाच नाही, कारण त्यांची एकमेकींच्या घरी ये-जा नव्हती, ओळख होती ती बाकावरची.

अभ्यास सादर केला तेव्हा बाईंनी हरकत घेतली: ‘आंटा’ मराठी शब्द कसा? तो शब्दकोशात दाखव. कोशात दाखवणं मला जमलं नाही. पण ‘टेबल’ आणि ‘खुर्ची’ही बाहेरूनच आले, आणि काकू जे बोलतात त्याला मराठी नाही तर काय म्हणायचं, असं मी विचारलं. शब्द यादीत राहिला, पुढे प्रश्नचिन्ह घालून.

यादी अजून चालू आहे. वसई, कारवार, बेळगाव, निपाणी, इंदूर, जिथून कुठून तुम्ही आला असाल, तिथे आई-आजी घराबाहेर पडताना दारातून काय म्हणतात ते मला मंडळाच्या वहीत लिहून द्या. पूर्ण वाक्य लिहा, नुसता शब्द नको. ‘-ला’ आहे की नाही, ते पाहायचंय.