डिस्क गोल्फ : तबकडी डावीकडे का वळते?

गोल्फ म्हटले की विस्तीर्ण हिरवळ, किमती काठ्या आणि श्रीमंतांचा क्लब डोळ्यांपुढे येतो. डिस्क गोल्फला यांपैकी कशाचीच गरज नाही. येथे चेंडूऐवजी प्लॅस्टिकची तबकडी, काठीऐवजी आपला हात आणि खळग्याऐवजी खांबावर बसविलेली टोपली असते. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. त्यांवर आदळलेली तबकडी वेग गमावून टोपलीत पडते. तबकडी जेथे पडेल तेथून पुढची फेक करावयाची आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठावयाची, हा मुख्य नियम. मी हा खेळ केवळ हौसेने खेळतो. परंतु त्यातील विज्ञानाने मला अधिक मोहित केले आहे.

या खेळाचे माहेरघर अमेरिका. फ्रेड मॉरिसन यांची उडती तबकडी व्हॅम-ओ कंपनीने १९५७ साली बाजारात आणली व ती ‘फ्रिस्बी’ या नावाने गाजली. झाडे, खांब असे लक्ष्य ठरवून लोक ती फेकू लागले. त्या कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट त्यांना १९७७ साली मिळाले.

आता मुख्य प्रश्न. उजव्या हाताने, हात छातीशी आडवा नेऊन फेकलेली तबकडी शेवटी डावीकडे का वळते? नवशिक्याला वाटते, वाऱ्यामुळे. परंतु वारा नसतानाही ती वळतेच.

याचे उत्तर भोवऱ्यात आहे. फिरता भोवरा कलला तरी सरळ खाली पडत नाही. त्याचा कल आडव्या दिशेने सरकत जातो. तबकडीचेही तसेच. हवा तिला वर उचलते. पण वेग मंदावला की या उचलण्याचा जोर मध्यबिंदूच्या पुढे पडतो आणि तिची पुढची कड वर उचलू पाहतो. तबकडी फिरत असल्याने हा परिणाम काटकोनात वळतो. पुढची कड उचलण्याऐवजी डावी कड खाली जाते आणि तबकडी डावीकडे झुकते. वेग फार असताना हाच जोर मध्याच्या मागे सरकू शकतो; मग ती प्रथम उजवीकडे कलते. समोरून वारा असता हवेच्या तुलनेत तिचा वेग वाढतो, म्हणून तेव्हा हा उजवा कल अधिक दिसतो.

यावरून खेळाडूने घ्यावयाचा धडा असा : केवळ दंडाच्या बळावर विसंबू नये. मनगटाने भरपूर फिरकी द्यावी, तबकडीचे नाक वर उचलू देऊ नये, आणि शेवटचे वळण जमेस धरून लक्ष्याच्या थोडे उजवीकडे फेकावे. मी प्रत्येक फेकीचा कोन, वारा व वळण वहीत टिपतो. एकच तबकडी दहा वेळा फेकली की सिद्धान्त डोळ्यांनी दिसतो.

या खेळात सहसा पंच नसतो. नियम खेळाडूंनीच पाळावयाचे व आपल्या फेकी प्रामाणिकपणे मोजावयाच्या. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत, तरीही फेक चुकली तर चुकली म्हणून लिहावयाची. हौशी खेळाडूची कसोटी मला येथेच दिसते. गुणांसाठी अभ्यास करण्याची सवय लागलेल्या आपणां विद्यार्थ्यांना निव्वळ जिज्ञासेपोटी केलेला असा अभ्यास उपकारकच ठरेल. टोपली नसली तर मैदानाकडेचा कडुनिंब आहेच. आरंभीच्या खेळाडूंनाही झाडच पुरले होते.