चौपन्न महिन्यांचा हिशेब

सौंसरच्या तहसील कचेरीसमोरील लिंबाखाली मांडलेल्या एका मेजापाशी मी गेली छत्तीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसत आलो आहे. नामांतरणाचे अर्ज, वाटणीच्या फर्दी, इसारपावत्या आणि कर्जाची हमीपत्रे यांचे जे असंख्य मसुदे या हाताखालून गेले, त्या सर्वांच्या बाबतीत एक नियम मी कटाक्षाने पाळला: मजकूर अखेरच्या ओळीपर्यंत वाचून दाखविल्यावाचून कोणाही अशिलाची सही वा अंगठा कागदावर उमटू द्यावयाचा नाही. हा नियम आयुष्यात एकदाच मोडला, आणि तो मोडला गेला माझ्या स्वतःच्या मुलीच्या कागदावर.

मुलीने 2021 च्या सप्टेंबरात ‘नीट’ परीक्षा दिली. नोव्हेंबरच्या आरंभी निकाल लागला, तेव्हा ती पात्र तर ठरली होती. परंतु शासकीय महाविद्यालयातील जागा गुणांनी हुकली आणि खाजगी महाविद्यालयाचे शुल्क माझ्या ऐपतीबाहेरचे होते. पात्र असूनही प्रवेश नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत घरातील माणसे ज्या उतावळेपणाने कोणत्याही आश्वासनाला कवटाळतात, त्याच उतावळेपणाने आम्ही नागपूरची वाट धरली. आमच्या मुलखाचे दवाखाने, बाजार आणि लग्नाचा बस्ता हे सर्व नागपुरास असल्यामुळे नागपूरच्या माणसाचा शब्द आम्हांस परका वाटत नाही. तेथील एका सल्लागाराने अस्खलित मराठीत फिलिपिन्सचे माहात्म्य वर्णन केले: माध्यम इंग्रजी, हवा उष्ण म्हणजे आपल्यासारखीच, खर्च बेताचा, आरंभी पूर्व-वैद्यकीय पदवी आणि तदनंतर चार वर्षांचा मुख्य वैद्यकीय अभ्यासक्रम. डिसेंबरात मी सही केली. शेतजमीन तारण घेण्यास बँक राजी नव्हती, म्हणून राहते घर गहाण पडले. उरलेली रक्कम संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्यास देऊन उभी केली. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी मनिलाच्या विमानात बसली.

आता ज्या गोष्टीची मला त्या वेळी गंधवार्ताही नव्हती ती सांगतो. माझ्या सहीच्या आधीच, म्हणजे 18 नोव्हेंबर 2021 रोजी, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे परदेशी पदवीधरांविषयीचे विनियम राजपत्रात प्रसिद्ध झाले होते. परदेशातील वैद्यकीय अभ्यासक्रम किमान चौपन्न महिन्यांचा असावा, त्यानंतरची बारा महिन्यांची आंतरवासिता त्याच संस्थेत व्हावी, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे, ज्या देशात पदवी मिळाली त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणेच व्यवसाय करण्याची पात्रता त्या पदवीने यावी, आणि भारतात परतल्यावर आणखी बारा महिन्यांची आंतरवासिता करावी, अशा अटी त्यांत निःसंदिग्ध शब्दांत लिहिल्या होत्या. चार वर्षांचे महिने किती, हे सांगण्यास राजपत्राचीही गरज नव्हती. बारा चोक अठ्ठेचाळीस, हा पाढा मी दुसरीत असताना पाठ केला होता. आधीची पूर्व-वैद्यकीय पदवी ही जीवशास्त्राची, ती वैद्यकीय शिक्षणात गणली जाणार नव्हती. सहा महिन्यांची तूट पडत होती, आणि त्या सहा महिन्यांपायी सबंध पदवी स्वदेशात निरुपयोगी ठरणार होती.

ही हकीकत तिला तेथे पोहोचल्यावर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून कळली. एका रात्री फोन आला. ती रडत नव्हती, हेच मला अधिक लागले. “बाबा, हा नियम आपण पैसे भरले त्याच्या आधीचा आहे. तुम्ही कागद वाचला होता ना?” एवढेच ती म्हणाली. मी सल्लागाराकडे गेलो, तेव्हा त्याने माझ्याच पावतीच्या तळाशी बारीक टंकात छापलेल्या ओळीवर बोट ठेवले: नियमांतील बदलास आम्ही जबाबदार नाही. नियम बदललेला नव्हता, तो सही करतेवेळी अमलात होता, हा माझा युक्तिवाद बिनतोड असला तरी ती अखेरची ओळ मी वाचलेली नव्हती, हेही तितकेच खरे होते. त्या वर्षीच्या दिवाळीस मुलगी परत आली. आज ती नागपुरास फिजिओथेरपी शिकते आहे, समाधानाने शिकते आहे. बँकेचे हप्ते मात्र अद्याप चालू आहेत.

या प्रसंगानंतर परदेशगमनाचे कागद मी मुद्दाम मागून वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले ते सौंसर-पांढुर्ण्याच्या पालकांपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

पहिली गोष्ट ही की, देशाची निवड जाण्याच्या टोकाकडून न करता परतण्याच्या टोकाकडून करावी. पदवी हाती घेऊन मुलगा ज्या दिवशी स्वदेशात पाऊल ठेवील, त्या दिवशी तिचे मोल काय, हा प्रश्न आधी आणि विमानाचे तिकीट मागाहून. वैद्यकाच्या बाबतीत तर परदेशी जाण्यासाठीही ‘नीट’मध्ये पात्र ठरावे लागते आणि परतल्यावर तीनशे गुणांच्या परीक्षेत दीडशे मिळवावे लागतात. या दोन दारांमध्ये कोणता देश बसतो हे आयोगाच्या मूळ नियमांतच पाहावे. जाहिरातीतील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबू नये, कारण मान्यता कोणाची आणि कशासाठी, हे तो शब्द सांगत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची चाकरी करण्याचा करार लिहून देऊन. पुढे लंडनमध्ये अध्ययन चालू असता 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि त्यांच्यासारख्या विद्वानालाही अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 मध्ये शिल्लक आणि उसनवार यांच्या बळावर ते पुन्हा गेले व 1923 मध्ये डी. एस्सी. झाले. तितकी धारणाशक्ती आपल्या लेकरांत असेलच असे नाही. तेव्हा पैशाची मुदत अभ्यासाच्या मुदतीहून मोठी आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे. पहिल्या वर्षाच्या शुल्कावर हुरळून जाऊ नये. जर्मनीच्या बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. परंतु निर्वाहासाठी वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, आणि भाषा आली नाही तर तेथील जीवन मुक्याचे होते. कॅनडाने निर्वाहापोटी दाखवावयाची रक्कम 10,000 डॉलरांवरून 1 जानेवारी 2024 पासून एकदम 20,635 डॉलरांवर नेली. परराज्याच्या नियमांना आपल्या बहाराचे वेळापत्रक ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट दैवाधीन म्हणतात, पण सर्वस्वी तशी नाही. महामारीमुळे चीनची दारे आपल्या विद्यार्थ्यांस सुमारे अडीच वर्षे बंद राहिली, आणि 24 फेब्रुवारी 2022 रोजी युद्ध भडकताच युक्रेनमधील हजारो मुलांना सामान टाकून सीमा गाठाव्या लागल्या. सरकारने त्यांना ‘ऑपरेशन गंगा’ राबवून घरी आणले, पण त्यांचा अभ्यासक्रम विमानात घालून आणता येत नव्हता. म्हणून देश निवडताना शुल्काइतकीच त्याच्या सीमांवरील शांतताही तोलावी.

चौथी गोष्ट केवळ आमच्या मुलखाची. 1 नोव्हेंबर 1956 पासून आम्ही भाषेने मराठी आणि दाखल्याने मध्यप्रदेशी आहोत. नागपूरच्या मित्राचा मुलगा महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेला म्हणून आपलाही जाईल, असे समजून एका सद्गृहस्थाने सबंध वर्ष वाया घालविले. ती शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांची. आपला अर्ज भोपाळकडे किंवा दिल्लीकडे जावयाचा. त्यातच ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. ज्यांच्या जुन्या दाखल्यांवर छिंदवाडा जिल्हा लिहिला आहे, त्यांनी पासपोर्ट, गुणपत्रिका, मूळनिवासी व जातीचे दाखले यांतील नाव, पत्ता आणि जिल्हा एकमेकांशी ताडून पाहावेत.

अखेरची गोष्ट सल्लागाराची. तुमच्याकडून तो थोडे घेतो किंवा काहीच घेत नाही, यात संतोष मानू नये. पुष्कळदा त्याची दलाली परदेशी संस्थेकडून येते, आणि ज्याचे मीठ खावे त्याची बाजू मनुष्य मांडतो. त्याला दोष देण्याचे मला कारण नाही. त्याने आपले काम केले. माझे काम वाचण्याचे होते, ते मी केले नाही.

माझे मेज अजून त्याच लिंबाखाली आहे. सौंसर वा पांढुर्णा तालुक्यातील ज्या कोणाच्या घरी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले असेल, त्याने सही करण्यापूर्वी ते सल्लागाराच्या पावतीसह घेऊन यावे. इंग्रजी मजकूर अडला तर माझी मुलगी रविवारी येथे असते. आम्ही दोघे मिळून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवू. त्याची लेखनावळ घेणार नाही.