छायेचा एक धडा

काळोख्या खोलींत एक लहान दिवा लावा, आणि दिवा व भिंत यांच्या बरोबर मध्यावर एक काडी उभी धरा. भिंतीवर काडीच्या दुप्पट उंचीची छाया पडेल. काडी दिव्याकडे सरकवा, छाया वाढत जाईल. भिंतीशीं न्या, ती काडीएवढीच उरेल. भूमितींतील समरूप त्रिकोणांचा हा साधा नियम होय. याच नियमाच्या आधारें एका चित्रकर्त्रीनें आपल्या काळांतील क्रौर्याची कहाणी कशी उभी केली, तें पाहूं.

श्रीमती नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ सालीं कराचीस झाला. दुसऱ्याच वर्षीं फाळणी झाली व तान्ह्या मुलीस घेऊन त्या कुटुंबानें घरदार सोडलें; प्रथम कलकत्ता, मग मुंबई. तेथील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत १९६४ ते १९६९ पर्यंत त्या शिकल्या.

चौकटींतील चित्र आपण दुरून पाहतों व पुढें जातों. जेथें संबंध दालनच कलाकृति होतें आणि पाहणारा तिच्या आंत शिरतो, त्या कृतीस मांडणशिल्प असें नांव आहे. मे १९९८ मध्यें भारतानें व पाठोपाठ पाकिस्ताननें अणुस्फोट केले. त्यानंतर मलानीबाईंनीं सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेकसिंग' या फाळणीवरील कथेचें स्मरण करून असेंच एक दालन मांडलें. समोरासमोरच्या भिंतींवर पडणाऱ्या चलच्चित्रांत दोन स्त्रिया, एक या देशाची व एक त्या देशाची, मिळून एक साडी घडी करूं पाहतात. मध्यें दालनाचें अंतर; घडी कशी जमावी? जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या, व त्यांच्या आंत निर्वासितांचीं हलतीं चित्रें.

ट्रंक आपल्याकडेही घरोघरीं असते. तींत लग्नांतलीं लुगडीं व जुने कागद असतात. ज्याला रातोरात निघावें लागतें, त्याचें मात्र सारें घर तेवढ्यांत मावावें लागतें. फाळणीच्या वेळीं आपली पाथरी निजामाच्या राज्यांत होती, आणि १९४८ च्या आगेंमागें मराठवाड्यांतील कित्येक कुटुंबांवर, हिंदूंवर तशीच मुसलमानांवर, हा प्रसंग आला. पालकांनीं घरांत ऐकलेल्या त्या गोष्टी मुलांस सांगाव्या.

जर्मनींतील कासेल येथें २०१२ सालीं मांडलेल्या कृतींत छायेची करामत अधिकच आहे. पारदर्शक नळकांड्यांस आंतल्या अंगानें रंगविलें, तीं वर टांगलीं व फिरतीं ठेवलीं. आंतून रंगवितांना क्रम उलटा लागतो: आधीं डोळे, मग चेहरा, शेवटीं पार्श्वभूमि. एका बाजूनें प्रकाश सोडला म्हणजे नळकांड्याची जवळची बाजू डावीकडे जात असतां पलीकडची उजवीकडे जाते. एकीची छाया मोठी, दुसरीची लहान. दोन्ही एकमेकींतून आरपार जातात, आणि पळणारें कोण व पाठलाग करणारें कोण, हें सांगतां येत नाहीं. इतक्या मोहक रंगांनीं अत्याचार दाखवावा काय, ही शंका मला येते. पण मोहक नसतें तर कोणी थांबून पाहिलें असतें, असेंही वाटत नाहीं. २०२३ सालीं जपानचें क्योटो पारितोषिक त्यांना मिळालें.

कोंकणांत पिंगुळी येथील ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांनीं रामायणाचे खेळ करीत आली आहेत. तेथें दिवा पडद्यामागें असतो व प्रेक्षक पुढें सुरक्षित बसतो. मलानीबाईंच्या दालनांत मात्र प्रकाश पाहणाऱ्याच्याच बाजूनें भिंतीकडे जातो. मध्यें उभें राहिल्यास त्या जखमी व पळणाऱ्या आकृतींत त्याची स्वतःची छाया मिसळते.

काचेची रिकामी बरणी, काळा रंग आणि विजेरी एवढ्यावर हा प्रयोग शाळेंत करतां येईल. बरणीवर समोरासमोर दोन माणसें काढा, विजेरीपुढें ती सावकाश फिरवा, आणि एकानें भिंतीपुढें उभें राहावें.