गिरणेचे पाणी आणि खंभातची भरती

पाचोऱ्याहून समुद्र दूर आहे. आपल्यापैकी अनेकांनी भरती-ओहोटी प्रथम भूगोलाच्या पुस्तकातच वाचली. तरीही आपल्या तालुक्यातून वाहणारी गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे खंभातच्या आखातास मिळते. म्हणून समुद्राचा हा नियम आपणांसही जाणून घेतला पाहिजे.

चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे भरती येते. एका भरतीनंतर दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येत असल्याने तिची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती येते. खंभातचे आखात नरसाळ्याप्रमाणे निमुळते होत जाते. आत शिरलेल्या पाण्यास पसरण्यास जागा न उरल्याने ते उंच चढते. भावनगरजवळ हा चढउतार १० मीटरच्या आसपास जातो; मुंबईत मोठ्या उधाणातही तो सुमारे ५ मीटर असतो.

भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वाढली की नदीमुखातील पाण्याचा उतार कमी होतो. नदीचे पाणी थबकते व मागे तुंबते. खारे पाणी जड असल्याने तळाने आत सरकते, गोडे पाणी वर राहते. मात्र जेथे खारटपणा संपतो, त्याच्याही वरच्या अंगाला पाण्याची पातळी भरतीबरोबर चढते-उतरते. म्हणून पाण्याच्या चवीवरून भरतीची हद्द ठरविता येत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. ९ ऑगस्टची पौर्णिमा जवळ आल्याने समुद्रास उधाण येत होते आणि पुराचे पाणी सहज समुद्रात उतरेना. सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पोटापाण्यासाठी खानदेशातून तेथे गेलेल्या असंख्य कुटुंबांनी तो पूर अनुभवला. ज्या महाडला आपण २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाचे स्मरण करण्यास जातो, तेथेही सावित्री नदीचा पूर भरतीच्या वेळी ओसरण्यास विलंब लागतो.

पूर पावसाने येतो. नदीमुखाशी तो किती चढेल व किती वेळ थांबेल, हे मात्र भरतीवरही अवलंबून असते. सुरतेत वा कोकणात स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाबरोबर तिथी आणि भरतीची वेळही पाहावी. शाळेत शिकलेला भूगोल अशा वेळी घरातील माणसांच्या उपयोगी पडतो.