पहिल्या तपासणीवर थांबू नका

प्रश्न: आमच्या सात वर्षांच्या मुलीशी ओळखीच्या माणसाने लैंगिक गैरवर्तन केल्याचा दाट संशय आहे. खासगी रुग्णालयाने आधी पोलिसांचे पत्र मागितले. खूप विनवण्यांनंतर तपासणी झाली. ‘जखम आढळली नाही’ असे लिहून दोन दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. नातेवाईक म्हणतात, पुरावाच नाही, तर मुलीला पुन्हा त्रास कशाला? आम्ही काय करावे?
– एक पालक

उत्तर: ठरल्या दिवशी मुलीला जरूर न्या. जखम न आढळणे म्हणजे अत्याचार झाला नाही असे नव्हे. मुलांवरील अनेक लैंगिक अत्याचारांत शरीरावर खूण उरत नाही आणि झालेली इजा लवकर भरून येते. उलट काही वळ उशिरा उमटतात. म्हणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन दिवसांनी आणि पुढे तीन व सहा आठवड्यांनी फेरतपासणी व्हायला हवी. काही संसर्ग पहिल्या रक्ततपासणीत दिसतच नाहीत. एचआयव्हीचा धोका वाटला, तर प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस द्यावे लागते. झोपेत दचकणे, अंथरूण ओले करणे, शाळेला घाबरणे हेही पुढच्या भेटींतच कळते. प्रत्येक भेटीची नोंद आधी उपचारासाठी असते. पुराव्याला तिचा आधार मिळतो तो नंतर.

रुग्णालयाने पोलिसांचे पत्र मागणे बेकायदा होते. पोक्सो कायद्याच्या कलम 27 नुसार गुन्हा नोंदवलेला नसतानाही तपासणी होऊ शकते आणि याच कायद्याखालील 2020च्या नियमांनुसार तातडीच्या उपचारांसाठी डॉक्टरांना असे पत्र मागता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये नमूद केलेल्या गुन्ह्यांत खासगी रुग्णालयानेही तत्काळ व मोफत उपचार द्यायचे असतात. ते नाकारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संशयाची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरांवर आणि तुमच्यावरही बंधनकारक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात, मुलींवरील अत्याचार न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो निर्णय फिरवला. तेव्हा अजून तक्रार केली नसेल, तर आजच करा. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही मदत मिळते. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला पोक्सो कायद्याचे कलम 19 संरक्षण देते.

नातेवाइकांची काळजी रास्त आहे, पण तिच्यावरचा उपाय तपासणी टाळणे हा नाही. फेरतपासणी म्हणजे सारे प्रश्न पुन्हा विचारणे नव्हे. मुलीचे म्हणणे पहिल्याच वेळी तिच्याच शब्दांत नीट लिहिले गेले, तर ते पुन्हा वदवून घ्यावे लागत नाही. अपुरे कागदच मुलांना तीच आठवण दहादा सांगायला लावतात. बारा वर्षांखालील मुलीसाठी संमती पालक देतात, तरी तिच्यावर जबरदस्ती होता कामा नये. तपासणी महिला डॉक्टरनेच आणि पालक किंवा मुलीच्या विश्वासातील व्यक्तीसमोर करायची असते. तपासणी नाकारली म्हणून उपचार थांबत नाहीत.

एखादा निर्दोष माणूस अडकेल, हीही शंका काहींना वाटते. पण दोषी कोण हे डॉक्टर ठरवत नाही. काय पाहिले, काय ऐकले आणि केव्हा, एवढेच तो लिहितो. अशी काटेकोर नोंद मुलीइतकीच निर्दोष माणसालाही उपयोगी पडते. संशय वाऱ्यावर सोडला, तर कुजबुज दोघांनाही छळते.

अहवालाची प्रत मोफत मागून घ्या. प्रत्येक भेटीच्या केसपेपरवर तारीख, वेळ आणि डॉक्टरांची सही आहे ना, ते पाहा. घटनेच्या वेळचे कपडे न धुता कागदात गुंडाळून पोलिसांकडे द्या. मुलीची ओळख कुठेही उघड होऊ देऊ नका. महाराष्ट्रात राहत असाल, तर मनोधैर्य योजनेतील साहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. खटल्याचा निकाल लागायला वेळ लागेल. मुलीचे उपचार त्यासाठी थांबता कामा नयेत.